वडनेरच्या पोटात किती जागा आहे?

वडनेरच्या शिवारात विहीर खणायला घेतली की क्रमानं काय काय लागतं, हे तिथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. वर उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. तिच्याखाली पिवळट, पांढऱ्या गोळ्यांनी भरलेला चुनखडीचा थर. मग मुरूम, मग पहारीला दाद देणारा मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा फत्तर. यातल्या चुनखडीवर शेतकऱ्याचा राग असतो. तिच्यामुळे संत्र्याची पानं पिवळी पडतात, जमिनीत पाणी नीट मुरत नाही.

पण त्या पांढऱ्या गोळ्यांकडे एकदा निरखून बघावं. काळ्या फत्तरातलं कॅल्शियम पावसाच्या पाण्यात विरघळून बाहेर पडतं. मुळं आणि जिवाणू यांच्या श्वासातून आलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच पाण्यात मुरलेला असतो. पाणी आटलं की दोघं मिळून चुनखडी होऊन बसतात. म्हणजे मुठीतला तो खडा एके काळी निम्माशिम्मा वायू होता. हे काम आपल्या पायाखाली हजारो वर्षं, कुणाची परवानगी न घेता चालू आहे.

हेच काम मुद्दाम, घाईनं आणि खूप खोलवर करून घेता येईल का, असा प्रश्न गेली काही दशकं भूशास्त्रज्ञ विचारत आहेत. औष्णिक वीजकेंद्रांच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीच्या पोटात कायमचा ठेवायचा. भारतात या चर्चेत महाराष्ट्राचं नाव हटकून येतं, कारण दख्खनचा काळा दगड. हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर त्याच दगडाच्या प्रदेशात येतं, म्हणून वडनेरच्या पारावर उभं राहूनच हा विषय समजून घेऊ.

आधी धूर कुठला ते पाहू. वडनेरहून महामार्ग धरून दोन-अडीच तासांत चंद्रपूर गाठता येतं. तिथलं महानिर्मितीचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. एक मेगावॅट-तास कोळशाची वीज केली की साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्र वर्षभर साठ टक्के क्षमतेनं चाललं असं धरलं, तर हिशेब वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास पोचतो. शेजारी गडचांदूर, आवारपूर, घुग्गुस इथले सिमेंटचे कारखाने. सिमेंटची अडचण वेगळीच आहे. त्यात कोळसा जाळला नाही, भट्टी उद्या सौर विजेवर चालवली, तरी वायू सुटणारच. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वडनेरची माती जे बांधते तेच भट्टी सोडते. विजेला सूर्य आणि वारा हे पर्याय आहेत; सिमेंटच्या या चव्वेचाळीस किलोंना अजून सोपा पर्याय नाही. साठवणुकीच्या कल्पनेत मला जे काही तथ्य दिसतं ते मुख्यतः इथं दिसतं. जुन्या कोळसा केंद्रांचं आयुष्य वाढवायला तिचा वापर होणार असेल, तर त्याकडे संशयानं बघायला हवं.

आता साठवायचं म्हणजे काय? जमिनीत टाकी बांधायची नसते. खडकाच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत वायू शिरवायचा असतो, वाळूच्या ढिगात पाणी मुरतं तसा. अडचण आकारमानाची. नेहमीच्या दाबाला एक टन कार्बन डायऑक्साइड पाचशे घनमीटरहून जास्त जागा खातो. पण ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली तो ना वायू ना द्रव अशा दाट अवस्थेत जातो, आणि तोच एक टन दोनेक घनमीटरांत मावू शकतो. खाली जाताना पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणानं वाढतो, त्यामुळे आठशे मीटर खोली ओलांडली की ही अवस्था आपोआप मिळते. म्हणून जगभरच्या पुस्तकांत ‘किमान आठशे मीटर’ हा ठोकताळा असतो.

हा ठोकताळा मात्र थंड देशांत घडलेला आहे. जमिनीतलं तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस अंशांनी वाढतं आणि ते पृष्ठभागाच्या वार्षिक सरासरीपासून मोजायला सुरुवात करतात. नॉर्वेत ही सुरुवात पाच-दहा अंशांपासून होते, आपल्याकडे सत्तावीसच्या आसपास. आठशे मीटरवर तिकडं तीसेक अंश असतील तर इकडं सत्तेचाळीस. ऊन लागलं की वायू पसरतो, हे खोलातही खरंच. त्यामुळे तिथं आठशे मीटरवर जो दाटपणा मिळतो, त्यासाठी विदर्भात आणखी बरंच खाली जावं लागेल. म्हणजे खर्चही वाढला आणि योग्य खडक तितक्या खोल असण्याची अटही. जागा निवडण्याचे नियम परदेशातून जसेच्या तसे उतरवून घेता येत नाहीत, त्याचं हे अगदी साधं उदाहरण.

खाली कोंबलेला वायू पुन्हा वर का येणार नाही? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘झाकण’ असं आहे. खाली सच्छिद्र वालुकाश्म, वर चिकणमातीच्या दगडाचा जाड, अभेद्य थर. नॉर्वेनं उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर इथं १९९६पासून हेच केलं. वर्षाला दहा लाख टनांच्या घरात वायू समुद्रतळाखाली गेला. १९९१ साली तिथल्या सरकारनं कार्बनवर कर बसवला होता, म्हणून कंपनीला हे परवडलं. ही बाब विसरू नये. साठवणूक पुण्य म्हणून कुणी करत नाही. वालुकाश्मात वायू हळूहळू पाण्यात विरघळतो, काही खडकाच्या फटीत अडकून पडतो, आणि त्याचा दगड व्हायला शतकं, सहस्रकंही लागतात. तोवर झाकणावर भिस्त.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा फत्तर इथं वेगळा ठरतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. आइसलंडमध्ये हेल्लिशेइदी इथल्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली सोड्यासारखं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरवलेलं पाणी बेसाल्टमध्ये सोडलं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांच्या आतच त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन खनिज होऊन बसला होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वलुला इथं २०१३ साली सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय, दाट अवस्थेतच कोलंबिया नदीच्या बेसाल्टमध्ये घातला. दोन वर्षांनी काढलेल्या गाभ्यांच्या पोकळ्यांत कार्बोनेटचे दाणे सापडले. दगडच झाला तर गळायचं काय? दख्खनच्या बाजूनं उत्साह आहे तो यामुळे. आणि एक गंमतही: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी याच लाव्ह्यानं उसळताना अफाट कार्बन डायऑक्साइड हवेत ओकला होता. आता त्यालाच आपण म्हणणार, घे परत.

इथवरचं विज्ञान भक्कम आहे. घोळ पुढं सुरू होतो, आकडे आणि नकाशे आले की.

भारताची भूगर्भीय साठवण क्षमता ३९५ ते ६१४ अब्ज टन असल्याचा अंदाज आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी मांडला आहे. नीती आयोगानं २०२२च्या अहवालात, २०५०पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची कल्पना मांडली. देशाचं वार्षिक उत्सर्जन तीन अब्ज टनांच्या घरात आहे, म्हणजे कागदावर सव्वाशे ते दोनशे वर्षांची सोय झाली. पण त्या एकूण आकड्यात बेसाल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन असा आहे. वरच्या आणि खालच्या टोकात तिपटीहून जास्त फरक. हा अभ्यासकांचा दोष नव्हे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलेली अनिश्चितता आहे, आणि हे आकडे सैद्धांतिक असल्याचंही ते सांगतात. नेमकी हीच दोन विशेषणं वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोचत नाहीत. सगळ्या दख्खनचं क्षेत्रफळ घेऊन त्याला सरासरी जाडीनं गुणलं की मोठा आकडा येतो. तालुक्याला त्यातला वाटा सरासरीनं मिळत नाही.

दख्खनचा थर पुरणपोळीसारखा सगळीकडं सारखा लाटलेला नाही. पश्चिमेला तो जाड, पूर्वेला पातळ होत जातो. कोयना भागात गोठणे इथं घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्टची जाडी १,२४७ मीटर भरली. त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना, टणक खडक. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर छिद्र घेतलं तेव्हा ३३८ मीटरवरच बेसाल्ट संपला. आणि नागपुरात तर त्याची हद्दच येते: सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्सचा काळा दगड पश्चिमेला, पूर्वेला निराळेच खडक. वडनेर या पूर्वेकडच्या, पातळ होत जाणाऱ्या काठाकडचं. आठशे मीटरहून खोल बेसाल्ट हवा असेल, तर तो या काठाला मिळण्याची आशा कमी.

मग पश्चिमेकडं जावं, तर तिथं दुसरंच. सह्याद्रीतल्या जाड थरापाशी कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप शिवसागर जलाशयाच्या पाण्यानं चाळवला, हे आता जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. आधीच ताणलेल्या भेगेत द्रवाचा दाब वाढला की ती सरकू शकते. जमिनीत वायू कोंबणं म्हणजे हाच दाब मुद्दाम वाढवणं. तेव्हा जिथं दगड जाड तिथं भूकंपाची भीती आणि घाटमाथ्याचं जंगल, जिथं धुराडी तिथं दगड पातळ. दात आहेत तिथं चणे नाहीत, ही म्हण महाराष्ट्राच्या या नकाशावर अगदी चपखल बसते. मधल्या पठारावर, सोलापूर-बीड-नगरच्या बाजूला, काही जागा निघू शकतील. पण त्या छिद्रं घेऊन शोधाव्या लागतील, अंदाजपंचे नव्हे.

बेसाल्ट नाही तर त्याच्या खालचं काही? वर्धा खोऱ्यात या प्रश्नाला अर्थ आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यात काळ्या दगडाखाली आणि बाजूला गोंडवाना काळातले थर आहेत: बराकर थरातला कोळसा, त्यावर कामठी थराचा वालुकाश्म. कोळसा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो, हे खरं. पण ज्या थरात तो साठवला तो कोळसा पुन्हा कधी काढायचा नाही, हे आज ठरवावं लागतं, आणि पन्नास वर्षांनी कुठलं तंत्र येईल आणि कुठला थर काढण्याजोगा ठरेल हे आज कोण सांगणार? एनटीपीसीनं २०२५ साली झारखंडमधल्या पाकरी बरवाडीहच्या कोळसा क्षेत्रात साठवणुकीच्या अभ्यासासाठी खोल छिद्र खणायला घेतलं, ते अशाच प्रश्नांसाठी. कामठीच्या वालुकाश्माचं आणखी अवघड आहे. तो सच्छिद्र आहे, म्हणूनच तर तो चंद्रपूर भागात विहिरींना चांगलं पाणी देतो.

इथं अमेरिकेचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा म्हणून कशाला संरक्षण द्यायचं? आपल्याकडच्या मानकात पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० चालतील. अमेरिकेत १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या भूजलालाही संरक्षण आहे. आज ते कुणी तोंडात धरणार नाही, पण नातवंडांना शुद्ध करून प्यावं लागलं तर? म्हणून साठवण त्याहून खाऱ्या पाण्याच्या थरातच. विदर्भासाठी नियम करताना पहिली ओळ हीच लिहावी असं माझं मत आहे.

पाण्याचा आणखी एक हिशेब आहे. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायू मुरवायला पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागतं. दहा लाख टनांना अडीच कोटी घनमीटर. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हे साडेबारा लाख माणसांचं वर्षभराचं पाणी झालं. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती. आणि दहा लाख टन म्हणजे चंद्रपूरच्या केंद्राचा, वरच्याच हिशेबानं, चोवीसेक दिवसांचा धूर. तेच पाणी खालून पुन्हा उपसून फिरवता येतं, समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग आहेत, वलुलासारखी पाण्याविना पद्धतही आहे, हे मान्य. पण आइसलंडचं यश सांगताना तिथल्या पावसाचं प्रमाण जो सांगत नाही, त्याच्याकडून मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांनी काही ऐकून घेऊ नये.

आता धोक्याकडे वळू. दोन्ही बाजूंनी यात अतिशयोक्ती होते.

कार्बन डायऑक्साइड विषारी वायूंसारखा जळजळत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. तो हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे खोलगट जागी साचतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायची रीत याचसाठी होती; कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी ज्वालामुखीतून आलेला हा वायू साचला होता. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री तो एकदम उसळला आणि दरीतली सुमारे १,७०० माणसं झोपेतच गेली. साठवणुकीला विरोध करणारे न्योसचं उदाहरण देतात, पण ते इथं लागू पडत नाही. तो वायू उघड्या सरोवरात होता. किलोमीटरभर खडकाखाली, पोकळ्यांत अडकलेला वायू असा एका रात्रीत उसळत नाही.

गावाला खरा धोका बहुधा खालून नसतो. तो बाजूनं येतो. मिसिसिपी राज्यात सॅटार्शिया नावाच्या खेड्याजवळून कार्बन डायऑक्साइडची नळवाहिनी जात होती. २२ फेब्रुवारी २०२० रोजी, जोरदार पावसानंतर टेकडीची माती सरकली आणि नळ फुटला. वायू खोलगट भागातून गावाकडे आला. सुमारे दोनशे लोकांना हलवावं लागलं, पंचेचाळीस जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. लोक गाडी काढून पळायला गेले तर इंजिनं बंद पडत होती, कारण जाळायला प्राणवायूच नव्हता. ही ओळ वडनेरच्या वाचकानं दोनदा वाचावी. साठवणुकीची विहीर कदाचित दोनशे किलोमीटर दूर असेल. पण चंद्रपूरहून पश्चिमेला वायू न्यायचा तर नळ याच काळ्या मातीतून जाईल, जी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घरांच्या भिंतींना तडे पाडते. आणि तो कुठेतरी रात्रंदिवस ट्रक वाहणारा राष्ट्रीय महामार्गही ओलांडेल.

खालून गळती होतच नाही असंही नाही, पण ती होते कुठून? बहुतेक वेळा माणसानं पाडलेल्या भोकातून. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर इथं दीड किलोमीटरहून खोल वायू साठवला जातो. २०२४मध्ये कळलं की ठरलेल्या थराबाहेर द्रव शिरला आहे आणि त्याची वाट होती गंजलेली निरीक्षण विहीर. पहारेकऱ्याच्याच दारातून चोर. पिण्याच्या पाण्यापर्यंत काही पोचलं नाही, पण दुसऱ्याच वर्षी राज्यानं तिथल्या महोमेट या मोठ्या भूजलसाठ्याच्या भागात साठवणुकीला कायद्यानं बंदी घातली. अल्जीरियात इन सालाह इथं २००४ ते २०११ दरम्यान अडतीस लाख टन वायू वाळवंटाखाली घातला. उपग्रहानं दाखवलं की वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जाते आहे. झाकणाच्या दगडात भेग वाढल्याची शंका आली आणि वायू घालणं थांबवलं. वर काही आलं नाही. पण वेळीच थांबता आलं ते कुणीतरी मोजत होतं म्हणून.

म्हणूनच अमेरिकेत साठवणुकीचा परवाना मागताना एक मोठं काम करावं लागतं. वायूचा आणि दाबाचा परिणाम जिथवर पोचेल, त्या सगळ्या परिसरातली जुनी छिद्रं शोधून, झाकणापर्यंत पोचणारं प्रत्येक नीट बुजवलं आहे की नाही ते दाखवायचं. आता वर्धा खोऱ्याचा विचार करा. इथं कोळशाच्या शोधासाठी पिढ्यान्‌पिढ्या छिद्रं घेतली गेली आहेत. शेतकऱ्यांचे बोअर तर दर दुष्काळात वाढले, आणि कोरडा निघालेला बोअर बुजवतो कोण? त्यावर फार तर एक दगड ठेवतात. शेतातले बोअर त्या खोलीपर्यंत जात नाहीत हे खरं. पण वर आलेलं काहीही सगळ्यात आधी शिरेल ते त्यांच्यातच.

कायद्यात या खोलीला मालक नाही, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६चं कलम ४८ सांगतं की जमिनीखालच्या खनिजांवर हक्क शासनाचा. १८८२चा सुखाधिकार कायदा भूमिगत पाणी जमीनमालकाला आपल्या हद्दीत घेऊ देतो. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना लगाम घालतो. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका खटल्यात म्हटलं की कायद्यानं काढून घेतलेला नसेल, तर जमिनीखालच्या खनिजांचा हक्क मालकाचा. खनिज झालं, पाणी झालं. पण खडकातली रिकामी पोकळी? ती खनिज नाही. तिच्यातलं खारं पाणी आजवर कुणी मागितलेलं नाही. साठ मीटरवर थांबणाऱ्या कायद्याला हजार मीटरवर काय चाललंय ते दिसणार कसं?

दुसरीकडं हा प्रश्न उघडपणे सोडवला गेला, उत्तरं मात्र उलटसुलट. वायोमिंग राज्यानं २००८मध्ये कायदा करून सांगितलं, पोकळी वरच्या जमीनमालकाची. म्हणजे कंपनीला त्याच्याशी करार करावा लागणार, मोबदला द्यावा लागणार. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतानं २०१०मध्ये ठरवलं, पोकळी सरकारची. कंपनीचं काम सोपं, शेतकऱ्याच्या हाती काही नाही. आपण कुठलं उत्तर घ्यायचं यावर वाद होऊ शकतो. माझा कौल मधल्या वाटेला आहे: मालकी शासनाची असली तरी ज्याच्या शेताखालून साठा पसरतो त्याला दरवर्षी भाडं, आणि गावाला मोजमापं बघण्याचा हक्क. पण उत्तर विहीर खणण्याआधी हवं. नंतर आलेलं उत्तर न्यायालयात येतं आणि तिथं किती वर्षं लागतात ते सांगायला नको.

मालकीइतकाच कळीचा प्रश्न पहाऱ्याचा. पारावर हा विषय निघाला तर पहिला सवाल येईल तो असा, “आन कंपनी गेल्यावर पाहील कोन?” युरोपीय संघाच्या २००९च्या निर्देशाप्रमाणे साठा बंद केल्यावर किमान वीस वर्षं जबाबदारी कंपनीकडे, मग साठा स्थिर आहे असं सिद्ध झालं तरच ती सरकारकडे, आणि तीही पुढच्या किमान तीस वर्षांच्या देखरेखीचा पैसा मोजून घेऊन. अमेरिकेत बंद झाल्यावर पन्नास वर्षं लक्ष ठेवण्याचा मूळ नियम. आपल्याकडे याच्या जवळची एकच रीत आहे. कोळसा खाणी बंद करण्याच्या आराखड्यासाठी खाण चालू असतानाच वेगळ्या खात्यात पैसा ठेवावा लागतो, २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून. कल्पना चांगली. पण साठा दगड व्हायला हवी तेवढी वर्षं पुरेल असा पैसा आणि इतकी वर्षं टिकेल अशी नोंदवही, या दोन गोष्टी त्यात नव्यानं घालाव्या लागतील.

आणि गावाला कधी विचारायचं? नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ बारेंद्रेख्त नावाचं शहर आहे. शेल कंपनीनं तिथल्या रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात, थेट घरांच्या खाली, कार्बन डायऑक्साइड साठवायचं ठरवलं. तंत्रज्ञांच्या मते जागा उत्तम होती, वायू तिथं लाखो वर्षं टिकून राहिलेलाच होता. पण गावाला कळलं ते सगळं ठरत आल्यावर. नगरपालिका विरोधात गेली, सभा गाजल्या, आणि नोव्हेंबर २०१०मध्ये सरकारनं प्रकल्प रद्द केला. पुढं त्या देशानं जमिनीखालचा नाद सोडून समुद्राखाली मोर्चा वळवला. आपल्याकडे पर्यावरणीय मंजुरीसाठी २००६च्या अधिसूचनेत जनसुनावणीची पद्धत आहे. ज्यांनी अशा सुनावण्या बघितल्या आहेत, त्यांना मांडव, पोलीस बंदोबस्त आणि आधीच छापलेला अहवाल आठवेल. बारेंद्रेख्तमध्ये चूक झाली तीच करायला आपल्याकडे यंत्रणा तयार आहे.

वडनेरपुरतं माझं मत विचाराल तर, इथं साठवणुकीची विहीर व्हावी असं भूशास्त्र सांगत नाही. दगड पातळ, ऊन जास्त, पाणी कमी, आणि खालच्या थरांत कोळसा किंवा गोडं पाणी असण्याची शक्यता. दख्खनच्या नावावर लिहिलेल्या अब्जावधी टनांतून हा पट्टा वगळून टाकला तर आकडा थोडा खरा होईल. नळवाहिनीचा प्रश्न मात्र कधीही दारात येऊ शकतो, आणि तेव्हा विचारायचे प्रश्न वर दिले आहेत.

तोवर एक काम गावालाच करता येईल आणि त्याला कुठल्या प्रकल्पाची वाट बघावी लागत नाही. पुढच्या वेळी शेतात बोअरची गाडी उभी राहिली, की वही-पेन घेऊन बसा. किती फुटांवर मुरूम संपला, किती फुटांवर तांबडा गेरू लागला, काळा फत्तर कुठं सुरू झाला, पाणी कितीवर लागलं, आणि बोअर कोरडा गेला तर तो बुजवला की नाही, हे गट नंबरासकट लिहून ठेवा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात.